शेऱ्याचा रकाना

गुरुवार, जेवणाची सुट्टी

ती. मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. इकडे आई बरी आहे, मी तब्येतीने बरा आहे, आणि शिलाईचं दुकानही चालू आहे (दुकानाबद्दल पुढे सविस्तर येईल, कृपया पान उलटून आधी वाचू नये, क्रम चुकला तर माझी बाजू समजणार नाही). तुमचा गुडघा कसा आहे? बदलीच्या गावी खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली असं आईकडून कळलं. जिना चढताना आधी चांगला पाय टाकावा आणि उतरताना आधी दुखरा, असं मी इंटरनेटवर चार ठिकाणी वाचलं. पाचव्या ठिकाणी नेमकं उलट लिहिलं होतं, आणि वाचकांनी सर्वांत जास्त तारे त्यालाच दिले होते. तेव्हा काय करावं हे मला सांगता येत नाही. शक्यतो वरच राहावं.

तुम्हाला नवल वाटेल की ज्या भाच्याने तुम्हाला फोनशी बोलून अक्षरं उमटवायला शिकवलं, तो आज पोस्टाचं पाकीट घेऊन बसला आहे. त्याचं कारण असं की पत्रात एक सोय आहे, जी मला आजवर कुठल्याच ॲपमध्ये सापडली नाही. मी पेटीत टाकल्याशिवाय ते जात नाही. (फोन करता आला असता, पण फोनवर समोरचा माणूस मध्येच ‘मग पुढे?’ असं विचारतो आणि माझा क्रम चुकतो.)

तीन वर्षांपूर्वी माझी अकरावी अर्धवट राहिली तेव्हा तुम्हीच मला हात धरून मास्तरांच्या दुकानात नेलंत. मास्तर तुमच्या वर्गातले, म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. पहिलं वर्ष काजं-बटणं, दुसरं वर्ष काजं-बटणं आणि हुक, तिसरं वर्ष पँटच्या खालच्या पट्ट्या. आणि गेल्या महिन्यात मास्तर स्वतःहून म्हणाले की मापांचं ते तुझं फोनवालं काम पुरं झालं की तुला कटिंगच्या टेबलावर उभा करतो. सोमवार ठरला होता. येता सोमवार. मामा, कटिंगचं टेबल म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. दुकानात बाकी सगळ्यांची कात्री दुकानाची असते. टेबलावरच्या माणसाची स्वतःची असते. मी चाळीस कात्र्यांची तुलना करून एक निवडूनही ठेवली होती. आता ती घ्यावी की नाही हे कळत नाही, म्हणून झालेलं सगळं सांगतो.

मास्तरांकडे मापांच्या एकोणीस वह्या आहेत. इस्त्रीवाल्या काकांचा पाणी शिंपडायचा तांब्या अकराव्या वहीवर सांडला आणि चाळीस पानांवरच्या लोकांच्या कंबरा एकमेकांत मिसळल्या. तेव्हा मी मास्तरांना म्हटलं की ही मापं क्लाउडवर ठेवू. क्लाउड म्हणजे आपली वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवणं. ते घर कुठे आहे ते आपल्याला सांगत नाहीत, पण तिथे पाणी सांडत नाही. मास्तर म्हणाले, “आणि किल्ली कोणाकडे?” मी म्हटलं माझ्याकडे. (पासवर्ड तेवीस अक्षरी होता. तो कुठेही लिहून ठेवायचा नाही असा सल्ला असतो. मी तो पाळला, आणि पहिल्या आठवड्यात तो चार वेळा बदलावा लागला.)

ॲप निवडताना मी घाई केली नाही. सात ॲपांचा तक्ता केला. एकाला जवळजवळ पाच तारे होते, पण सगळे अभिप्राय एकाच वाक्याचे, वेगवेगळ्या लोकांच्या नावावर, अनुस्वाराच्या चुकीसकट. दुसऱ्याला सुरू होण्यासाठी माझं लोकेशन, माझा मायक्रोफोन आणि माझे सगळे नंबर हवे होते. बाहीची लांबी मोजायला मी कुठे उभा आहे हे कशाला कळायला हवं, असं मी त्या कंपनीला सहाशे शब्दांत विचारलं. एका मिनिटाच्या आत उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. सहाशे शब्द एका मिनिटात वाचून त्यांचं मोलही ठरवणारा माणूस त्यांच्याकडे असेल तर त्यांनी ॲप चांगलं का केलं नाही, हे मला आजही समजलेलं नाही. शेवटी जे निवडलं त्याच्या बासष्ट पानी अटी मी चार दिवसांत संपूर्ण वाचल्या. एकेचाळिसाव्या कलमात लिहिलं होतं की हे ॲप विमान चालवण्यासाठी वापरू नये. आपलं दुकान तळमजल्यावर असल्याने मी ‘मान्य’ दाबलं.

आता मुख्य मुद्दा. मास्तरांच्या वह्यांत छाती, कंबर, बाही हे तर असतंच, पण बहुतेक गिऱ्हाइकांच्या नावापुढे कडेला दोन-तीन अक्षरं असतात. ‘पो. ओ.’ किंवा ‘छा. फु.’ अशी. ॲपमध्ये त्यासाठी ‘शेरा’ असा रकाना होता. नुसती अक्षरं भरणं मला अर्धवट वाटलं. उद्या दुसऱ्या कोणी वाचली तर? म्हणून मी एकेक अक्षर मास्तरांना विचारत गेलो. ते टाचण्या ओठांत धरून कापत असायचे आणि मान वर न करता सांगायचे. “पोट ओढतो. दीड इंच धर.” “छाती फुगवतो. माप खोटं.” मी हे सर्व पूर्ण वाक्यांत लिहिलं, शुद्धलेखन शब्दकोशातून तपासलं, आणि गिऱ्हाइकांबद्दल एकेरी लिहिणं बरं दिसत नाही म्हणून ‘ओढतो’चं ‘ओढतात’ केलं. सहाशे चाळीस माणसं, तीन महिने. जे हयात नाहीत त्यांना वगळू का, असंही विचारलं होतं. मास्तर म्हणाले, राहू दे, मुलगा त्याच अंगाचा आहे.

मंगळवारी दुपारी ॲपचं नवं रूप आलं. (अपडेटला मी कधी नाही म्हणत नाही. तसं म्हणायची सोयही नसते. ‘आत्ता’ आणि ‘थोड्या वेळाने’ अशी दोनच बटणं असतात, म्हणजे नेमबाजाने तुम्हाला डावा डोळा की उजवा एवढंच विचारावं तसं.) नव्या रूपाने एक प्रश्न विचारला: तुमच्या ग्राहकांना त्यांची नोंद तपासण्याची संधी द्यायची का? खाली एका बटणावर लिहिलं होतं ‘हो, नक्कीच’ आणि दुसऱ्यावर ‘नको, मला ग्राहकांची पर्वा नाही’. मामा, मी वीस मिनिटं विचार केला. पर्वा तर मला आहे. शिवाय ज्याची माहिती त्याला ती बघता आली पाहिजे, असं मी अनेक लेखांत वाचलं होतं आणि ते मला पटलंही होतं. नमुना उघडून पाहिला. त्यात एका काल्पनिक माणसाची छाती, कंबर आणि बाही होती. त्याचा शेऱ्याचा रकाना रिकामा होता. त्या काल्पनिक माणसात काहीच खोट नव्हती, तिथे माझी फसगत झाली. मी ‘हो, नक्कीच’ दाबलं.

दुकानाच्या नावाने सहाशे चाळीस जणांना संदेश गेला. छाती अमुक, कंबर अमुक, शेरा: माप देताना पोट आत ओढतात, दीड इंच जास्त धरावे. ही माहिती बरोबर असल्यास १ दाबा, चूक असल्यास २ दाबा.

चार वाजून दहा मिनिटांनी व्यायामशाळेचे सर आले. त्यांनी दारातूनच फोन पुढे धरला आणि स्वतःचा शेरा सगळ्या दुकानाला वाचून दाखवला. मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. अकरा होत्या.

“मी दोनच अक्षरं लिहिली होती,” मास्तर म्हणाले. “बाकीचं ह्याने लिहिलं.”

“म्हणजे मी छाती फुगवत नाही?”

“फुगवता. पण मी कधी बोललो का तुम्हाला?”

हे भांडण आहे की नाही हे सरांनाही कळेना, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मग ते म्हणाले की आत्ता परत माप घ्या. ते टेपसमोर उभे राहिले आणि हळूहळू श्वास सोडू लागले. बराच वेळ सोडत होते. तेवढ्यात इस्त्रीवाले काका मला म्हणाले, “काय रे विद्वाना, माझं माप नाही ना टाकलंस त्यात?” मी टाकलं होतं. त्यांना संदेश मिळाला नव्हता, कारण त्यांचा फोन इस्त्रीखाली सापडल्यापासून बंद आहे. मी त्यांना तूर्त काही बोललो नाही.

त्यानंतर तो सगळा दिवस आणि कालचा दिवस माणसं येतच होती. औषधांच्या दुकानवाले आले ते सर्वांत जास्त रागावलेले. मी घाबरत त्यांचा शेरा उघडून पाहिला, तर तिथे काहीच नव्हतं. तेच त्यांचं दुःख होतं. तेरा वर्षं इथे कपडे शिवतोय, मास्तर, माझ्यात लिहिण्यासारखं एवढंसुद्धा काही नाही का? मास्तर म्हणाले, “तुमचं अंग सरळ आहे.” त्यावर ते म्हणाले की हे लिहायला काय झालं होतं. दातांचे डॉक्टर मात्र शांतपणे १ दाबून आले होते. त्यांचा शेरा ‘पँट फार वर ओढून घालतात, त्यामुळे आखूड भासते, प्रत्यक्षात आखूड नसते’ असा होता. ते म्हणाले, सहा वर्षं मी या दुकानावर चिडलो होतो, आज खुलासा झाला. आणि तिथेच पट्टा दोन बोटं खाली घेऊन निघून गेले.

मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई काल शाळा सुटल्यावर आल्या. त्यांचा शेरा मला पाठ होता, कारण तो लिहिताना मला ‘वर्षागणिक’ शब्द तपासावा लागला होता: डावा खांदा उतरलेला, वर्षागणिक अधिक. ब्लाउजला आणि कोटाला डावीकडे आतून भर द्यावी. त्यांना कळू देऊ नये. बाई स्टुलावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. काही वेळाने त्यांनी विचारलं, ही भर कधीपासून? मास्तर म्हणाले, सात वर्षं झाली. बाई म्हणाल्या, “आणि मी सगळ्यांना सांगत होते की योगासनांनी खांदा बरा झाला.” मग त्या हसल्या, पण ते नेहमीचं हसणं नव्हतं, कसलं होतं ते मला नक्की सांगता येणार नाही. जाताना त्यांनी पिशवी उजव्या खांद्याला लावली.

आता माझा गोंधळ असा आहे. झालं ते वाईट झालं की बरं? मी तक्ता करून पाहिला. काल रात्रीच्या जेवणापर्यंत दोनशे अकरा जणांनी २ दाबला, अडतीस जणांनी १ दाबला, सात जणांनी कपडे परत नेले, आणि एकतीस जणांनी येऊन खरं माप दिलं, पोट सोडून. मास्तर म्हणतात की चाळीस वर्षांत दुकानात एवढी खरी मापं दोन दिवसांत आली नव्हती. पण हे सांगताना ते आनंदात आहेत असं वाटत नाही. ॲप मात्र आनंदात आहे. आज सकाळी त्याने मला कळवलं की या आठवड्यात ग्राहकांचा सहभाग प्रचंड वाढला, अभिनंदन, आणि पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडवले. तेव्हा नेमके मास्तर माझ्या मागे उभे होते.

मी त्यांची माफी मागितली. क्रमाने, सगळे मुद्दे घेऊन. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते लोकांबद्दल नव्हतं लिहिलेलं. ते माझ्या हाताला लिहिलेलं होतं, कापताना चुकू नये म्हणून.” मग खडू उचलून कापडावर रेघ मारू लागले. मी विचारलं, मास्तर, सोमवारचं काय? ते म्हणाले, “सोमवारी बघू.”

हे ‘सोमवारी बघू’ मी तेव्हापासून सगळीकडून तपासतो आहे. सोमवारी टेबलावर उभा करतो की नाही ते सोमवारी बघू, असा अर्थ असेल तर आशा आहे. सोमवारी तुझ्याकडे बघतो, असा असेल तर नाही. फोनमधल्या बोलणाऱ्या मदतनिसालाही विचारलं. त्याने मला आधी एक चांगला प्रश्न विचारल्याबद्दल शाबासकी दिली, मग या वाक्याचे पाच संभाव्य अर्थ सांगितले, पाचही सारख्याच खात्रीने, आणि शेवटी सोमवारची आठवण लावू का असं विचारलं. मी नको म्हटलं. त्याने लावली. आता ती दर तासाला वाजते: सोमवारी बघू. इस्त्रीवाले काका प्रत्येक वेळी आतून ओ देतात.

तंत्रज्ञानाबद्दलचं माझं मत विचाराल तर ते बदललेलं नाही, फक्त ते काय होतं हे मला आता नीट आठवत नाही. वस्तू चांगल्या आहेत. मी त्यांचं सगळं वाचतो, सगळ्या अटी, सगळ्या सूचना. तरी त्या मला काय विचारत आहेत ते कळेपर्यंत माझं बोट पडून गेलेलं असतं. मास्तर फक्त एवढंच विचारतात, “बाही पूर्ण की अर्धी?” आणि माणूस उत्तर देईपर्यंत थांबतात.

आईचा नमस्कार. तुम्ही वेळेवर जेवत जावं. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद (खोलीत तुम्ही एकटेच असाल तर दोन्ही तुम्हालाच).

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. मास्तर तुमच्या वर्गातले आहेत आणि तुमचं ऐकतात. रविवारी संध्याकाळपर्यंत तुम्ही त्यांना एक फोन केलात तर फार बरं होईल. मी सांगितलं असं कळू देऊ नये. गप्पांच्या ओघात सोमवारचा विषय काढावा. कसा काढावा याची तीन वाक्यं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडली आहेत.

ता. क. २. ही विनंती वरच करायला हवी होती, पण तुम्हालाही एक संदेश गेला आहे हे सांगितल्याशिवाय ती करणं मला प्रामाणिक वाटेना. नीट सांगायचं तर तो तुम्हाला गेला नाही. कोट शिवताना तुम्ही मास्तरांना जो मोबाइल नंबर दिलात तो मामींचा आहे. तुमचा शेरा असा: कोटाला डावीकडे अस्तराच्या आत चोरखिसा द्यावा, माप सिगारेटच्या पाकिटाचं, घरी कळता कामा नये. (वहीत फक्त ‘चो. खि.’ होतं. माप मी विचारून घेतलं.) मी लगेच ‘संदेश मागे घ्या’ हे बटण दाबलं होतं. त्यामुळे मामींना आणखी एक संदेश गेला, की दुकानाने आधीचा संदेश मागे घेण्याचा प्रयत्न केला आहे. मामींनी १ दाबला नाही आणि २ ही दाबला नाही. त्यांनी ‘कोणता खिसा?’ असं लिहिलं. त्यावर ॲपने त्यांचे आभार मानून तुमची नोंद अद्ययावत केल्याचं कळवलं.

ता. क. ३. मामींचा काल आईला फोन आला. तुम्ही आठ वर्षांपूर्वी सिगारेट सोडली ना, एवढंच त्यांनी विचारलं. आई म्हणाली, हो ना, आणि मग बराच वेळ दोघी भाजीविषयी बोलल्या. तुमचा तपकिरी कोट सध्या आमच्याकडे अस्तर दुरुस्तीला आहे. तो न्यायला मामी शनिवारी स्वतः येणार आहेत. त्यामुळे आज मास्तर कापड आणायला गेले असताना मी तो चोरखिसा पूर्ण उसवला, त्यात चार सिगारेटींचं पाकीट होतं ते काकांना दिलं (शेऱ्याचं त्यांना अजून सांगायचं आहे, तेव्हा उपयोगी पडेल), अस्तर कापून नवा तुकडा बसवला आणि हाताने टाके घातले. त्यासाठी मास्तरांची कात्री न विचारता घेतली आणि जागेवर ठेवली. आता त्या जागेवर खिसा होता हे मलाही दिसत नाही. मामींशी मी खोटं बोललेलो नाही, कारण त्यांनी अजून मला काही विचारलेलं नाही.

तेव्हा मास्तरांना फोन कराल तर एवढं जरूर सांगावं, की पोराने अस्तर कापलं ते बिनचूक कापलं आणि एकही टाका वाकडा गेला नाही. फक्त कोणत्या कोटाचं ते सांगू नये.